पडलेली माशी पुन्हा उठते

मंडळी, पिकलेली केळी दोन दिवस टोपलीत तशीच राहिली, की तिच्याभोवती बारीक बारीक चिलटे घोंगावू लागतात. गुऱ्हाळापाशी, सडक्या टोमॅटोंच्या ढिगावर, बाजारात फळवाल्याच्या पाटीवर हीच चिलटे दिसतात. हाताने हाकलली तर क्षणभर उठतात आणि पुन्हा तिथेच येऊन बसतात. आपण त्यांच्याकडे एरवी बघतही नाही. आज मी तुम्हांला या चिलटाचीच हकीकत सांगणार आहे.

आधी एक खुलासा केला पाहिजे. आपले शेतकरी बंधू ज्या किडीला फळमाशी म्हणतात, ती आंब्याला नि कारल्याला डंख मारून आत अंडी घालणारी माशी निराळी. ती आकाराने मोठी आणि नुकसान करणारी. आपली ही माशी जेमतेम तीन मिलिमीटर लांबीची, तांबड्या डोळ्यांची. ती चांगल्या फळाच्या वाटेला सहसा जात नाही. आंबायला लागलेल्या फळावर वाढणारे किण्व हे तिचे अन्न. शास्त्रज्ञ तिला ड्रोसोफिला मेलानोगास्टर म्हणतात. नाव ऐकून दचकू नका. आपण तिला नुसती माशी म्हणू.

या माशीच्या डोक्यात खसखशीच्या दाण्याएवढा मेंदू असतो. त्यात सुमारे १ लाख ३९ हजार मज्जापेशी आहेत, आणि त्या एकमेकींना कशा जोडलेल्या आहेत याचा संपूर्ण नकाशा २०२४ साली प्रसिद्ध झाला. परंतु नकाशा हाती आला म्हणजे गावचा कारभार कळला असे होत नाही. रस्ते कुठून कुठे जातात ते नकाशा सांगतो. त्या रस्त्यांवरून निरोप कसा जातो, तो नेणारा कोण, आणि त्याने काम थांबवले तर काय होते, हे निराळ्या रीतीने शोधावे लागते. तो शोध कसा लागला, हीच आजची गोष्ट.

प्रथिने म्हटले की आपल्याला डाळ, दूध, अंडी आठवतात. पण पोटात जाणारी प्रथिने वेगळी आणि शरीर स्वतः घडवते ती प्रथिने वेगळी. शरीरात जे काही काम चालते, त्यातले बहुतेक काम ही प्रथिनेच करतात. कुणी दार उघडते, कुणी ओझे वाहते, कुणी गाठ बांधते, कुणी सोडते. प्रत्येक प्रथिन कसे घडवायचे याची कृती आईबापांकडून आलेल्या जनुकात लिहिलेली असते. ती लिहिताना एखादे अक्षर चुकले, की प्रथिनही चुकीचे घडते.

आता एखाद्या भागाचे काम काय, हे ओळखायचे असेल तर आपण काय करतो? तो भाग काढून बघतो. सायकलची साखळी काढली, की पायडल फिरते पण चाक फिरत नाही. म्हणजे साखळीचे काम काय ते कळले. शास्त्रज्ञही हेच करतात. पण इथे एक मोठी अडचण येते. काही प्रथिने अशी असतात, की त्यांच्यावाचून जीव जगतच नाही. त्यांचे जनुक पार मोडले, तर माशी अंड्यातच मरते, नाहीतर अळी होऊन मरते. मेलेल्या अंड्याला विचारणार काय? आणि गंमत अशी, की जे प्रथिन सर्वांत जरुरीचे तेच समजून घेणे सर्वांत कठीण. घराचा खांब किती भार उचलतो ते पाहायला खांब काढावा, तर घरच अंगावर येते!

ही अडचण माणसाने कशी सोडवली, ते आता ऐका.

माशी प्रयोगशाळेत आली ती विसाव्या शतकाच्या आरंभी. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात टॉमस हंट मॉर्गन नावाचे प्राध्यापक दुधाच्या बाटल्यांत माशा पाळत असत. १९१० साली त्यांना तांबड्या डोळ्यांच्या माशांत एक पांढऱ्या डोळ्यांचा नर दिसला. त्या एका नराच्या वंशावळीवरून जनुके गुणसूत्रांवर असतात, हे त्यांनी दाखवले, आणि १९३३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. माशीच का? तर ती स्वस्त, तिला जागा थोडी लागते, मादी शेकडो अंडी घालते, आणि २५ अंश उष्णतेत अंड्यापासून पुरी माशी व्हायला दहा दिवस पुरतात. बैलाच्या चार पिढ्या बघायला माणसाचा निम्मा जन्म जाईल. माशीच्या चार पिढ्या दीड महिन्यात उरकतात.

पुढची युक्ती मिळाली ती माशीहूनही लहान जीवांकडून. जिवाणूंवर जगणाऱ्या विषाणूंचा अभ्यास करणाऱ्यांना १९६०च्या सुमारास असे दोष सापडले, की जे थंडाव्यात दिसतच नाहीत आणि उष्णता वाढली की प्रकट होतात. हे कसे? आपल्या घरातले लाकडी दार आठवा. उन्हाळ्यात ते नीट लागते. पावसाळ्यात फुगते आणि चौकटीत बसत नाही. पाऊस सरला, की पुन्हा लागते. दार तेच, चौकट तीच. हवा बदलली एवढेच. काही दोषी प्रथिने अशीच असतात. थंडाव्यात त्यांचा आकार टिकतो आणि काम होते. उष्णता चढली की आकार बिघडतो आणि काम थांबते.

झाले! अडचणीची किल्ली हीच. असा दोष असलेली माशी थंडाव्यात जन्मेल, वाढेल, अंडी घालेल. मग आपल्याला हवे तेव्हा तिला ऊब द्यायची. तेवढा वेळ ते एक प्रथिन काम सोडेल. काय होते ते बघायचे आणि पुन्हा थंडाव्यात ठेवायचे. खांब न काढता घटकाभर त्याचा भार कमी करून बघण्याचा हा मार्ग होता.

हा मार्ग माशीच्या मज्जासंस्थेत पहिल्याने चोखाळला तो कॅनडातील व्हँकूवरच्या विद्यापीठात, डेव्हिड सुझुकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. सुझुकी जन्माने कॅनडाचेच, पण आजी-आजोबा जपानहून आलेले. दुसऱ्या महायुद्धात जपानशी लढाई जुंपली तेव्हा १९४२ साली कॅनडाच्या सरकारने जपानी वंशाच्या नागरिकांना घरांतून उठवून छावण्यांत नेले. सहा वर्षांचा डेव्हिड आई आणि बहिणींबरोबर असाच एका छावणीत गेला. तोच मुलगा पुढे आनुवंशशास्त्राचा प्राध्यापक झाला.

या मंडळींची रीत साधी होती. नर माशांना रसायन देऊन त्यांच्या जनुकांत चुका घडवायच्या, मग त्यांच्या संततीतल्या हजारो माशा ऊब देऊन बघायच्या. चांगल्या माशा उडत राहतात, भिंतीवर चढतात. एखादीच पाय वर करून तळाला पडते. शेतकरी बियाण्यासाठी भरदार कणीस निवडतो, पडलेले टाकून देतो. इथे नेमके उलट होते. ज्या उभ्या राहिल्या त्या बाजूला सारायच्या, आणि ज्या पडल्या त्याच जपून ठेवायच्या. कारण पडलेल्या माशीजवळच उत्तर होते.

१९७१ साली त्यांनी अशी पहिली माशी जाहीर केली. २२ अंशांवर ती इतर माशांसारखी हिंडे-फिरे. २९ अंशांवर नेली की पाहता पाहता लुळी पडे. पुन्हा थंड केली की उठून चालू लागे. अर्धांगवायूसाठी जो इंग्रजी शब्द आहे, त्यावरून या दोषाला 'पॅरा' असे नाव पडले. १९७३ साली दुसरी एक माशी जाहीर झाली. तिचे नाव 'शिबिरे'. आता हा शब्द ऐकून तुम्हांला शाळेची श्रमदान शिबिरे आठवतील! पण हा शब्द आपला नव्हे, जपानी आहे. अंग बधिर होणे, हातापायाला मुंग्या येणे, असा त्याचा अर्थ. शिबिरे माशीही २९ अंशांच्या सुमारास लुळी पडते आणि थंडाव्यात काही मिनिटांत उठते. आपल्याकडच्या चैत्र-वैशाखात ती बिचारी दिवसभर पडूनच राहिली असती.

दोन्ही दोष, आणि पुढे सांगणार तो तिसराही, एक्स या गुणसूत्रावर आहेत. हे मुद्दाम सांगतो, कारण शाळेत मुले विचारतील. नराला एक्स गुणसूत्र एकच असते. त्यामुळे त्यावर चूक झाली, तर झाकायला दुसरी चांगली प्रत नसते. दोष लगेच उघडा पडतो.

तिसऱ्या माशीच्या गोष्टीत आपल्या मुंबईचा माणूस येतो. त्यांचे नाव ओबैद सिद्दीकी. जन्म १९३२ सालचा, उत्तर प्रदेशातील बस्तीचा. तरुणपणी ते दिल्लीच्या शेतकी संशोधन संस्थेत वनस्पतींवर काम करीत होते. एकदा गारपीट झाली आणि त्यांच्या प्रयोगाचे पीक झोडपून निघाले. गारपीट म्हणजे काय, हे शेतकऱ्याला कुणी सांगायला नको. सिद्दीकींनी मग शेतातल्या पिकाचा नाद सोडला आणि ग्लासगोला जाऊन सूक्ष्म जीवांच्या आनुवंशिकतेचा अभ्यास केला. १९६२ साली होमी भाभांच्या बोलावण्यावरून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. ती संस्था गणिताची आणि भौतिकशास्त्राची. तिथे त्यांनी जीवशास्त्राचे रोप लावले.

दहाएक वर्षांनी सिद्दीकी अमेरिकेत पॅसाडीना येथे सीमोर बेंझर यांच्या प्रयोगशाळेत गेले. बेंझर मूळचे भौतिकशास्त्राचे; पण माशीची वागणूक आणि तिची जनुके यांचा धागा जोडण्याचा ध्यास त्यांनी घेतला होता. या दोघांनी मिळून लुळ्या पडणाऱ्या माशांचा अभ्यास केला आणि १९७६ साली तो प्रसिद्ध केला. त्यात एक नवी माशी होती. ३८ अंशांच्या सुमारास नेली की ती पडे, आणि थंड केल्यावरही लवकर उठत नसे. गाढ बेशुद्धीत गेल्यासारखी बराच वेळ पडून राही. म्हणून तिचे नाव 'कोमॅटोज', म्हणजे बेशुद्ध. पॅरा माशी झटकन उठते, शिबिरे जरा वेळाने उठते, कोमॅटोज फार उशिरा. तिघींचे पडणे वरवर सारखे. पण उठणे निराळे. याचाच अर्थ आत बिघडलेले प्रथिन तिघींत निराळे असले पाहिजे.

तर मग कोणते? इथे जरा मज्जासंस्थेच्या आत शिरावे लागेल.

मज्जापेशी म्हणजे लांब तारेसारखी पेशी. तिच्यातून निरोप विजेच्या लहरीसारखा धावतो. पण एक पेशी जिथे संपते आणि दुसरी पेशी किंवा स्नायू जिथे सुरू होतो, तिथे अगदी अरुंद फट असते. वीज ती फट ओलांडत नाही. म्हणून पहिल्या पेशीच्या टोकाला पिटुकल्या पिशव्या भरून ठेवलेल्या असतात. त्यांत एक रसायन असते; त्याला आपण संदेशद्रव्य म्हणू. लहर आली की काही पिशव्या काठाला चिकटून फुटतात, द्रव्य फटीत सांडते, पलीकडे निरोप पोचतो आणि स्नायू हलतो.

विहिरीवरचा रहाट तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांनी पाहिला असेल. गाडगी खाली जातात, भरतात, वर येतात, पन्हाळीत पाणी ओततात आणि रिकामी होऊन पुन्हा खाली जातात. आता समजा, पाणी ओतल्यावर गाडगे खाली परतलेच नाही, काठाशीच अडकून बसले. तर काय होईल? माळेतली गाडगी संपेपर्यंत पाणी येईल. मग पन्हाळ कोरडी. विहिरीत पाणी आहे, बैलही चालायला तयार आहेत; पण मळ्यात थेंब नाही.

शिबिरे माशीत हेच घडते. फुटलेल्या पिशवीचे आवरण काठात मिसळते; ते पुन्हा आत ओढून त्याची नवी पिशवी करावी लागते. बेडकाच्या स्नायूवर प्रयोग करून ह्यूझर आणि रीस या दोघा शास्त्रज्ञांनी १९७३ सालीच म्हटले होते, की या पिशव्या रहाटासारख्या फिरत असाव्यात. १९७९ साली पूड्री आणि एड्गर यांनी उबेत लुळ्या पडलेल्या शिबिरे माशीच्या मज्जातंतूंची टोके इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तो पिशव्यांचा साठा गायब! थंड केल्यावर पिशव्या पुन्हा भरलेल्या. १९८३ साली कोसाका आणि इकेडा यांनी आणखी बारकाईने पाहिले. काठाच्या आवरणाला खोलगट खळगे पडलेले होते, पिशवी आत यायला निघालेली होती. पण तिची मान तुटत नव्हती. गाडगे काठाशीच अडकलेले होते.

ही मान तोडणारे प्रथिन कोणते, त्याचे उत्तर अनपेक्षित ठिकाणाहून आले. १९८९ साली अमेरिकेतील श्पेट्नर आणि व्हॅली यांनी वासराच्या मेंदूतून एक प्रथिन वेगळे काढले होते. ते जोर लावणारे आहे असे वाटले, म्हणून त्याला 'डायनामिन' नाव दिले. त्याचे नेमके काम काय, ते त्यांना तेव्हा उमगले नव्हते. १९९१ साली दोन गटांनी शिबिरे जनुकाची अक्षरे वाचली, आणि काय निघावे? तेच डायनामिन! हे प्रथिन पिशवीच्या मानेभोवती कड्यासारखे गुंडाळते आणि मान आवळून तोडते. आपण पोत्याच्या तोंडाला सुतळीचा फास घालून आवळतो ना, तसे. वासराच्या मेंदूतले प्रथिन आणि केळ्यावरच्या चिलटातले प्रथिन एकाच घराण्यातले. तुमच्या-माझ्या मेंदूतही तेच आहे.

कोमॅटोजचे कोडे १९९४-९५ साली सुटले. त्यातले बिघडलेले प्रथिन निघाले 'एनएसएफ'. हे प्रथिन गाठी सोडण्याचे काम करते. पिशवी काठाला बांधली जाते ती प्रथिनांच्याच दोऱ्यांनी. काम झाल्यावर त्या गाठी सोडल्या नाहीत, तर दोऱ्या पुढच्या खेपेला उपयोगी पडत नाहीत. म्हणून कोमॅटोज माशीत पिशव्या कमी होत नाहीत, उलट काठाशी दाटी करून थांबतात. एका माशीत कोठार रिकामे, दुसरीत दाराशी गर्दी. निरोप मात्र दोन्हींत खोळंबलेला! जेम्स रॉथमन यांनी हेच प्रथिन सस्तन प्राण्यांच्या पेशींतून वेगळे केले होते; रँडी शेकमन यांनी उष्णतेने अडणाऱ्या किण्वावर काम करून त्याच वाटेचा माग काढला होता. २०१३ सालच्या नोबेल पारितोषिकात दोघेही वाटेकरी होते. बघा, माशी असो की पाव फुगवणारे किण्व, युक्ती एकच.

आणि पॅरा? तिच्यात पिशव्यांचा दोष नाहीच. तारेतून जाणारी लहरच उबेत बंद पडते. १९८९ साली कळले, की पॅरा हे सोडियमच्या दाराचे जनुक आहे. मज्जापेशीच्या आवरणात बारीक दारे असतात. ती उघडली की मिठातला सोडियम आत शिरतो आणि लहर पुढे सरकते. दार बिघडले, की लहर थांबली.

मुंबईच्या टाटा संस्थेत या माशांचे काम पुढे चालू राहिले. के. एस. कृष्णन आणि त्यांचे विद्यार्थी या लुळ्या माशांच्या मागे कित्येक वर्षे होते. त्यांनी एकच दोष घेऊन बघितला नाही. दोन दोष एका माशीत आणून बघितले. जोडीने दोष वाढतो की घटतो, यावरून ती दोन प्रथिने एकमेकांच्या कामात कशी गुंतली आहेत ते कळते. डायनामिनला जोर लावायला जे इंधन लागते, ते पुरवणारे एक प्रथिन त्यांनी आणि त्यांच्या परदेशांतील सहकाऱ्यांनी अशाच रीतीने हुडकून २००१ साली प्रसिद्ध केले. सिद्दीकींनी पुढे बंगलोरला राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभे केले. २०१३ साली ते वारले, कृष्णन २०१४ साली.

आता कुणी म्हणेल, "गुरुजी, हे सगळं ठीक. पण माशी पडली काय नि उठली काय, आम्हांला त्याचं काय?" प्रश्न रास्त आहे. त्याची तीन उत्तरे देतो.

पहिले उत्तर असे, की दोषच पुढे हत्यार झाला. २००१ साली कितामोतो यांनी दाखवले, की शिबिरे जनुकाची दोषी प्रत माशीच्या ठरावीक मज्जापेशींतच घालता येते. मग ऊब दिली, की सारी माशी पडत नाही. फक्त तेवढ्या पेशींचा निरोप बंद होतो. दिवाणखान्यातला एकच दिवा मालवावा, तसे. माशीला एक वास देऊन विजेचा सौम्य झटका दिला, तर ती पुढे तो वास टाळते. म्हणजे तिला आठवण राहते. त्याच वर्षी दोन गटांनी मेंदूच्या अळिंबीच्या आकाराच्या भागातल्या पेशी या युक्तीने गप्प केल्या. शिकताना गप्प केल्या तरी आठवण बनली. पण आठवायच्या वेळी गप्प केल्या तर माशीला काही आठवेना. शिकणे आणि आठवणे या दोन क्रिया निराळ्या आहेत. परीक्षेत ज्या मुलाला येत असूनही आठवत नाही, त्याला 'अभ्यास केला नाहीस' म्हणण्याआधी शिक्षकांनी हे ध्यानात ठेवायला हरकत नाही. माशीवरून मुलाचे निदान होत नाही, हे खरे. पण दोन गोष्टी दोन असू शकतात, एवढे तरी माशी सांगते.

दुसरे उत्तर शेतकऱ्यांसाठी. डीडीटी आणि पायरेथ्रॉइड जातीची कीटकनाशके ज्या ठिकाणी घाव घालतात, ते ठिकाण म्हणजे सोडियमचे हेच दार. ते दार बंद होऊ न दिल्यामुळे किडीच्या अंगात लहरींचा कल्लोळ उठतो आणि ती मरते. पण हजारो किडींत एखादीच्या दाराची घडण एका अक्षराने निराळी असते, आणि औषध तिथे नीट लागू पडत नाही. घरमाशीत अशी चूक १९९६ साली नेमकी दाखवली गेली. औषधाने बाकीच्या मरतात, ही वाचते, आणि हिचीच प्रजा वाढते. म्हणजे एकच औषध वारंवार मारून आपण न कळत टणक किडीचे बियाणे निवडीत असतो! औषध आलटून-पालटून, गरजेपुरते आणि सांगितलेल्या प्रमाणातच वापरा, असे शेतकी खाते सांगते, त्याच्या मुळाशी हे कारण आहे.

तिसरे उत्तर सर्वांत महत्त्वाचे. फिट येणारे मूल तुमच्या गावात कुठेतरी असेल. माणसाच्या सोडियमच्या दाराच्या एका जनुकात चूक झाली, तर बाळाला पहिल्याच वर्षात, पुष्कळदा ताप आला की, आकडी येऊ लागते. ड्राव्हेट नावाच्या या आजाराचे मूळ २००१ साली सापडले. डायनामिनच्या जनुकातल्या चुकीनेही लहान बाळांना कठीण प्रकारची आकडी येते, हे २०१४ साली कळले. माशीतला दोष आणि बाळातला दोष अगदी एकसारखा असतो असे नव्हे. पण यंत्र तेच आहे. सगळ्याच फिटांचे मूळ जनुकात नसते, हेही सांगितले पाहिजे. परंतु फिट म्हणजे बाहेरची बाधा नव्हे, कुणाची नजर नव्हे आणि आईच्या हातून घडलेले पाप तर मुळीच नव्हे. ही मज्जासंस्थेतल्या निरोपांची गडबड आहे.

म्हणून मूल फिट येऊन पडले, तर नाकाशी कांदा नि चप्पल धरू नका, तोंडात चमचा घालू नका, हातपाय दाबून धरू नका. त्याला कुशीवर वळवा, आजूबाजूची टणक वस्तू दूर करा, आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांवर चालली, तर ताबडतोब दवाखान्यात न्या. शेजाऱ्याच्या मुलाची गोळी आपल्या मुलाला देऊ नका. काही गोळ्या याच सोडियमच्या दारावर काम करतात. एका आजारात त्या गुण देतात, तर ड्राव्हेटच्या बाळाचा आजार त्यांनीच वाढू शकतो. कोणती गोळी कुणाला, हे डॉक्टरच ठरवतील.

शिक्षक बंधुभगिनींना जाता जाता एक सुचवतो. एका काचेच्या बाटलीत पिकलेल्या केळ्याची फोड ठेवा, दहाबारा चिलटे आत शिरली की तोंडाला कापसाचा सैल बोळा लावा. काही दिवसांनी त्या माशा सोडून द्या. आत बारीक अळ्या दिसतील, मग काचेला चिकटलेले कोष, मग नव्या माशा. मुलांना रोज दिवस मोजून लिहायला सांगा. एकदा हिवाळ्यात करा, एकदा उन्हाळा लागताना. १८ अंशांवर माशी तयार व्हायला २५ अंशांपेक्षा जवळजवळ दुप्पट दिवस लागतात. थंडी-उन्हाचा जिवावर काय परिणाम होतो, ते पुस्तकाशिवाय कळेल, आणि खर्च एका केळ्याचा.

आणि मुलांना तेवढी गोष्ट सांगायला विसरू नका. हजारो माशांतून शास्त्रज्ञांनी उडणाऱ्या बाजूला ठेवल्या आणि पडलेली तेवढी उचलून घेतली. ती का पडली, हे त्यांनी तिला न मारता विचारले, आणि तिला पुन्हा उठू दिले. आपल्या वर्गात एखादे मूल मधूनच पडते, मधूनच विसरते, कधी एकटक बघत राहते. त्याला शेवटच्या बाकावर ढकलण्याआधी आपणही तोच प्रश्न विचारावा. एखाद्या वेळी त्याला नुसता डॉक्टरच हवा असेल.